आईचं खोड आणि अण्णांचं नाक

काल संध्याकाळी वारा फिरला आणि ओट्यावर बसल्या बसल्या नाकात मळीचा वास शिरला. म्हणजे साखर कारखाना सुरू झाला. हंगाम सुरू झाल्याचं आमच्याकडे कॅलेंडर बघून कळत नाही. गव्हाणीत उसाची मोळी पडली, भाषणं झाली, पेपरात फोटो आले, तरी गाव ते मनावर घेत नाही. मग एखाद्या संध्याकाळी हा वास येतो, आधी गुळासारखा गोड, मग आंबूस, मग नाकाला पदर लावावा असा, आणि कोणीतरी म्हणतं, झाला वाटतं चालू. तिथून पुढे उन्हाळा लागेपर्यंत तो घरातलाच एक होऊन राहतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते, दोन दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात, आणि आई उन्हात टाकलेल्या कुरडयांवर जुनी धोतरं पसरत फिरते.

दिवाळीला आले होते, सण उरकला, बॅग भरून ठेवली आहे. आज दुपारी पुण्याला निघायचं. कोपरगावच्या अलीकडे, कालव्याकाठच्या या गावात मी लहानाची मोठी झाले आणि या वासाला आयुष्यभर नावं ठेवली. मैत्रिणींना घरी बोलवायची लाज वाटायची ती या वासामुळेच. एकाच हंगामात मात्र मी देवापुढे हात जोडून म्हटलं होतं, बाबा रे, हा वास अण्णांना येऊ दे.

अण्णा म्हणजे माझे वडील, आणि अण्णांचं नाक हा आमच्या घरातला सगळ्यात कर्तबगार गडी. उसाच्या फडात शिरले की नुसत्या वासावर सांगायचे, कुठल्या सरीत उंदरांनी ऊस कुरतडलाय. अंगणात बसून आत विचारायचे, आज मेथीत लसूण जरा सढळ हाताने पडला का. आई वैतागायची. म्हणायची, हा मानूस डोळे मिटून संसार करील. मी कॉलेजातून आले की उंबऱ्यावरच ओळखायचे की वाटेत भेळ झाली आहे. लपवाछपवी करायची म्हटलं तर त्या घरात सोय नव्हती.

साथीच्या वर्षी अण्णा तापाने पडले. दवाखान्यातून चालत घरी आले हे आमचं नशीब. माझं ऑफिस बंद होतं, काम लॅपटॉपवर, त्यामुळे नवऱ्याने मला थोड्या दिवसांसाठी म्हणून इथे आणून सोडलं आणि मी हंगामभर राहिले. ताप गेला, खोकला गेला, पण जाताना अण्णांच्या नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचा जातो, बऱ्याच जणांचा परत येतो. कधी येतो ते मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं.

सुरुवातीला अण्णांनी ते चेष्टेवर नेलं. सगळा गाव नाक धरून बसलाय आणि मी आपला मजेत, असं येईल त्याला सांगायचे. मग त्यांचं जेवण कमी झालं. भाकरी तोंडात घोळवत बसायचे, भुस्कट चावल्यासारखं वाटतं म्हणायचे. फडात जाणं सोडलं. गाईच्या अंगावर हात फिरवायचे तेही दुसरीकडे बघत. एरवी बोलून बोलून समोरच्याला झोप आणणारा माणूस ओट्यावरच्या खाटेवर गप्प पडून राहायला लागला. मी एकदा विचारलं, काय होतंय नक्की? म्हणाले, "काय न्हाई. समदं काचंच्या पल्याड गेल्यावानी वाटतंय." मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. ताप चढला होता तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

आईला भीती वाटली ती वेगळ्या जागी. अण्णांची सकाळची पूजा म्हणजे मुख्य काम गंध उगाळण्याचं. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकायचे, चंदनाचं खोड धरायचं आणि गोल गोल फिरवत बसायचं, घाई नाही, तोंडाने काही पुटपुटणं नाही, नुसतं नाक किंचित वर केलेलं. देवांना गंध लावून झालं की घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला, मग गाईच्या, आणि कालव्यापलीकडचे गायकवाड गुरुजी चहाला आलेले असले तर त्यांच्याही. गुरुजी चर्चमध्ये जाणारे. कपाळ पुढे करायचे, अण्णांचा हात लागू द्यायचे आणि घरी जाताना कालव्यावर तोंड धुवायचे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. तर त्या आजारानंतर अण्णा दोन फेरे मारून उठायला लागले. देवांना टिकली लागली की झालं. आई म्हणाली, याचा देवावरचा जीव उडाला तर उडू दे, चंदनावरचा उडाला म्हंजी काई खरं न्हाई.

त्या खोडाचं सांगायला हवं. आईचं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. तिच्या वडिलांच्या बांधावर चंदनाचं जुनं झाड होतं. ते एका वादळात पडलं, तेव्हा त्यांनी त्याच्या गाभ्याचे तुकडे करून माळ्यावर ठेवले आणि पुढे प्रत्येक मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर एक सहाण आणि एक खोड दिलं. आईचं खोड मनगटाएवढं जाड होतं म्हणे. माझ्या लहानपणी ते माझ्या मुठीत मावायचं नाही. त्या हंगामापर्यंत झिजून अंगठ्याएवढं उरलं होतं. आजोबा गेले, आजी गेली, मामाने जमीन विकून नाशिकला फ्लॅट घेतला. माहेरचं म्हणून हातात धरावं असं एवढंच काय ते आईजवळ राहिलं होतं. त्यामुळे तिचा नियम कडक, देवापुरतं उगाळायचं. बाहुलीला गंध लावण्यासाठी मी एकदा खोड उचललं होतं, तर हातावर असा फटका बसला की बाहुलीही रडली असेल.

चंदनाच्या उभ्या झाडाला वास नसतो, हेही मला आईनेच सांगितलेलं. गुरुजींच्या अंगणात एक झाड आहे, बुलबुलांनी फळं खाऊन बी टाकलं आणि आपोआप उगवलं. लहानपणी मी त्याची पानं चुरगळून हुंगत बसायचे. काही येत नाही. फुलाला नाही, सालीला नाही. आईने मला हाताला धरून घरी आणलं आणि सांगितलं, वास असतो तो आत, गाभ्यात, आणि तोही झाड चांगलं म्हातारं झाल्यावर. माझी मोठी निराशा झाली होती.

डॉक्टरांनी एक उपाय सांगितला होता. ओळखीचे वास सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरायचे, शांतपणे ओढायचे आणि पूर्वी तो कसा यायचा ते आठवायचं. नाकाला आठवण करून द्यायची, एवढंच. आईने लिंबू आणलं, लवंग आणली, कापूर आणला. अण्णा लाजायचे. म्हाताऱ्या माणसाला असं लिंबू हुंगायला लावतात का, म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. मग एका सकाळी मी उठून बघते तर आई देवघरापुढे बसलेली, साडी खोचलेली, आणि सहाणेवर गंधाचा डोंगर. देवापुरतं नव्हे, सगळ्या गावाच्या कपाळाला पुरेल एवढं. ती सहाण तशीच उचलून तिने खाटेवर अण्णांच्या नाकाखाली धरली. म्हणाली, रोज ज्या वासावर उठायचा तुमी, त्यालाच वाट ठावी आसंल.

असं रोज सुरू झालं, सकाळी आणि दिवेलागणीला. कोणी गेलं की शोकसभेत कोणीतरी हमखास म्हणतं, ते चंदनासारखे झिजले. ज्याने हे वाक्य पहिल्यांदा काढलं त्याने जन्मात कधी चंदन उगाळलेलं नसावं. चंदन झिजतं खरं, पण इतक्या सावकाश की उगाळणाऱ्याचा दंड आधी भरून येतो. जुनं, टणक खोड तर दाद देत नाही. आई उगाळायची, थांबून खांदा दाबायची, परत उगाळायची. मी म्हणायचे, दे इकडे. नाही द्यायची. माहेरचं माहेरवाशिणीनेच झिजवावं असा काहीतरी तिचा हिशेब असावा.

काही दिवस अण्णा खरं बोलले. आई विचारायची, येतोय व्हय? ते मान हलवायचे. आईचं तोंड एवढंसं व्हायचं आणि ती सहाण घेऊन आत जायची. एकदा अशीच ती वळली आणि अण्णा मागून म्हणाले, "येतोय की. थोडा थोडा."

तिचा चेहरा मी बघत होते. लग्नातल्या फोटोतही ती एवढी खुललेली नाही. मला मात्र अण्णांचं काही पटलं नाही, कारण त्याच दुपारी फोडणीत हिंग करपला होता, आम्ही दोघींनी ताट बाजूला सारलं होतं, आणि अण्णांनी वरण भुरकून फार झकास झालंय म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बायकोला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं, त्यात मी कशाला पडू.

पण त्या खोट्याचा परिणाम उलटा झाला. थोडा थोडा येतोय म्हटल्यावर आईच्या अंगात बळ आलं. ती दुप्पट उगाळायला लागली. अण्णा कौतुक करतील तसं खोड कमी होत गेलं. नाताळात गुरुजी करंज्या घेऊन आले तोवर ते करंगळीएवढं झालं होतं. अण्णांना ते दिसत होतं. एक दिवस ते खोड देवघरातून गायब झालं. आईने घर डोक्यावर घेतलं, शेवटी दत्ताच्या तसबिरीमागे सापडलं. उंदरानं नेलं आसंल, अण्णा म्हणाले. इतका नीटनेटका, तसबिरीमागे खोड उभं करून ठेवणारा उंदीर मी तरी पाहिलेला नाही.

आईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिला संशय आला असावा, पण ती मला बोलली नाही. एके सकाळी तिने माझ्या पिशवीतली मुलतानी माती काढली, पाण्यात कालवली आणि सहाणेवर सारखी केली. दिसायला डिट्टो गंध. मी चहा घेत होते, कप तसाच खाली ठेवला. आईने सहाण नेऊन धरली. अण्णांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि तृप्त आवाजात म्हणाले, हां, आज चांगला येतोय.

आई आत आली. सहाण धुतली. पाटावर बसली आणि त्या ओल्या दगडाकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर बाहेर जाऊन भांडेल. मी हळूच विचारलं, आता काय करायचं?

"आता काय," ती म्हणाली. "त्यो माज्यासाटी खोटं बोलतोय, आन मी उगाळायचं थांबू व्हय?"

तिने खोड उचललं आणि खरं गंध उगाळायला बसली. त्याच आठवड्यात अण्णांनी मला विहिरीकडे चल म्हटलं. पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यावर बसलो. कारखान्याच्या चिमणीचा धूर सरळ वर जात होता, वारा पडलेला होता. म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पुरं कर. तिच्या बापाचं येवढंच राह्यलंय, ते माझ्या नाकात चाललंय." मी म्हटलं, तुम्हीच सांगा की, वास येत नाही म्हणून. त्यांनी एक ढेकूळ विहिरीत टाकलं. मग म्हणाले, न्हाई म्हनलं तर ती खचंल. मी कोणाचं कोणाला काही सांगितलं नाही. मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते, एका बाजूला ही उगाळतेय, दुसऱ्या बाजूला ते हुंगतायत, आणि ऑफिसमधले विचारतायत, मॅडम, तुमचा आवाज का येत नाही.

शिमगा जवळ आला, ऊस संपत आला, तोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या एकेक करून उठायला लागल्या. खोड चिंचोक्याएवढं झालं. ते धरून उगाळताना आईच्या बोटांची अग्रं दगडावर घासायची, म्हणून ती बोटांना चिंधी गुंडाळायची. खोड संपलं की ही काय करणार, याचा विचार मी करत नव्हते, करवत नव्हता.

आणि मग एका दुपारी आई मागे गोवऱ्या रचत होती, मी मीटिंगमध्ये होते. ओट्यावरून अण्णांचा आवाज आला, नेहमीसारखा, पूर्वीसारखा, जरा कुरकुरीचा. "अगं, दूध करपतंय."

मी हेडफोन काढला. खरंच करपत होतं. आई मागच्या दाराने धावत आली, शेणाचे हात तसेच, आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. पातेल्याच्या बुडाला दूध लागून काळं होत होतं, घरभर धूर, आणि ही बाई गॅस बंद करीना. तिथूनच ओरडून म्हणाली, काय म्हनलं? परत बोला. अण्णा म्हणाले, दूध. करपलंय. तुमी दोघी काय झोपलाय का?

शेवटी गॅस मीच बंद केला. आई ते पातेलं फडक्यात धरून बाहेर घेऊन गेली आणि त्यांच्या नाकाखाली धरलं. मग हिंगाची डबी, मग रॉकेलचा डबा, मग कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. करपल्याचा वास आला, हिंगाचा आला, गोळ्यांचा नाही आला. आई खाटेच्या पायाशी खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली, आणि शेणाच्या हाताचं तिला भानच राहिलं नाही. अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, उठ, लई वास मारतीयेस. आम्ही तिघंही हसत सुटलो. मळीचा वासही त्यांना पुढच्या दोन-चार दिवसांत आला, आणि त्यांनी नाक धरून कारखान्याला पहिल्यांदा एवढ्या प्रेमाने शिव्या घातल्या.

दूध करपलं त्या संध्याकाळी आई सहाण घेऊन बसली, चिंचोका हातात घेतला आणि तसाच डबीत ठेवून दिला. आता न्हाई उगाळायचं, देवाला अष्टगंध चालंल, म्हणाली. अण्णांनी सहाण मागून घेतली. कोरडी सहाण, नुसता दगड. त्यांनी तिला नाक लावलं आणि म्हणाले, "हाय. दगडात मुरलाय, पन हाय." खरं की खोटं ते मला आजही सांगता येणार नाही. आईने विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात अण्णा गुरुजींच्या अंगणातून चंदनाचं रोप घेऊन आले आणि विहिरीजवळ लावलं. आई म्हणाली, हे कशाला? अण्णा म्हणाले, तुझ्या माहेरचं खोड मी संपवलं, भरून द्यायला नको? ती म्हणाली, कवा? त्याला गाभा धरायला आर्धा जन्म लागतो. अण्णा म्हणाले, मला कुटं जायचंय?

ते रोप जगलं नाही. अण्णांनी आंब्याला करतात तसं सगळं केलं, भोवती आळं केलं, गवताची एक काडी ठेवली नाही, रोज पाणी घातलं, आणि ते पिवळं पडून वाळलं. गुरुजी बघायला आले आणि कपाळावर हात मारला. हे झाड एकटं जगत नाही, म्हणाले, शेजारच्याच्या मुळातून पितं, तुम्ही तर त्याला वाळीत टाकलंत. आईने लगेच अण्णांना टोला हाणला, म्हंजी तुमच्यावानीच की, हातात तांब्या दिल्याबिगर पानी प्यायचं न्हाई. दुसऱ्या वर्षी अण्णांनी नवं रोप आणलं आणि त्याला खेटून तूर लावली. तूर दरवर्षी नवी पेरतात. तिच्या शेंगा आई काढते, पण हिरवी तूर अण्णा कापू देत नाहीत. जवळच एक कडुनिंबही लावलाय, चंदनाच्या म्हातारपणाची सोय म्हणून.

आज सकाळी निघायच्या आधी मी दोघांबरोबर विहिरीवर गेले. तूर फुललेली, पिवळी, आणि तिच्या आडोशाला ते झाड, आता माझ्या खांद्याला लागतं. अण्णांची पाठ वाकली आहे, आईचे गुडघे बोलतात. अण्णांनी तांब्या ओतला, थोडं तुरीला, थोडं त्याला. वारा कारखान्याकडूनच होता, मळीचा वास भरून राहिलेला. आईने एक फांदी हलक्या हाताने खाली ओढली, पानं नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

चंदनाच्या पानाला वास नसतो. हे तिला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, मला तर तिनेच सांगितलंय.

अण्णा म्हणाले, "येतोय व्हय?"

"येतोय की," आई म्हणाली. "थोडा थोडा."